कोकरांचं कुरण

सूनबाईला सगळे सूनबाईच म्हणत. सासू-सासरे म्हणत ते ठीक, पण जनावरांची डॉक्टरीणही म्हणे, आणि नवरा ट्रकवरून फोन करायचा तोही "सूनबाई आहेत का घरात?" असं विचारून स्वतःच्याच विनोदावर खो खो हसायचा. यंदा तिला हसू येत नव्हतं. सासऱ्यांचे गुडघे निकामी झाले, ते खुर्चीला खिळले आणि मेंढ्यांचा सगळा कळप तिच्या गळ्यात पडला. मेंढ्यांची तिला धास्ती नव्हती, मेंढ्या आपापलं बघतात. धास्ती होती कोकरांची.

सासऱ्यांनी कळप तिच्या हवाली केला होता खरा, पण हुकूम स्वतःकडेच ठेवला होता. दिवस उजाडला की त्यांची खुर्ची व्हरांड्यात यायची आणि त्यांच्या गळ्यात दोन गोष्टी लटकायच्या, एक दुर्बीण आणि एक शिट्टी. एक शिट्टी म्हणजे थांब. दोन शिट्ट्या म्हणजे इकडे ये. आणि दम लागेपर्यंत वाजवलेली लांबलचक शिट्टी म्हणजे, तू काय करतेयस ते मला इथून दिसतंय. शेवटच्या प्रकारची शिट्टी सर्वांत जास्त वाजे.

व्हरांड्यासमोर रस्ता, आणि रस्त्यापलीकडे कोकरांचं कुरण. सगळ्या मालकीच्या जमिनीत इतकं मऊ, इतकं दाट गवत दुसरीकडे नव्हतं. तिथले दगड सासऱ्यांनी तरुणपणी स्वतः वेचून बाहेर काढले होते, तारेचं कुंपण स्वतः घातलं होतं, आणि कुंपणाला मुद्दाम अरुंद फटी ठेवल्या होत्या. कोकरू आत शिरेल, आई बाहेरच अडकेल. कोकरांनी आत जाऊन कोवळं गवत खावं, दूध प्यायला बाहेर आईकडे यावं, पुन्हा आत जावं. "या गवतावर कोकरांशिवाय कुणाचं खूर पडू दिलं नाही मी," हे वाक्य पाहुण्यांना चहाच्याही आधी मिळायचं. नातवंडं झाली नव्हती, ती झाली असती तर त्यांनाही सासऱ्यांनी त्या कुरणाएवढं जपलं असतं की नाही, सांगता येत नाही.

त्या वर्षी थंडी हटायलाच तयार नव्हती, आणि हटली ती एकदम. दोन-चार दिवसांत अंगातले स्वेटर उतरले आणि कुरण हिरवंगार झालं. कोकरं फटींतून आत घुसली, उड्या मारायला लागली. सासऱ्यांनी दुर्बीण डोळ्यांवरून काढलीच नाही. एकदा तर त्यांनी शिट्टी न वाजवता सूनबाईला बोलावलं आणि म्हणाले, "यंदा जमलंय हं तुला." एवढं ऐकून तिचा दिवसच्या दिवस चांगला गेला.

मग एका सकाळी एका कोकराची मागची बाजू शेपटीपासून टाचांपर्यंत हिरवी झालेली दिसली. लेंड्या कुठल्या, नुसतं पाणी. दुसऱ्या दिवशी तशी पाच-सहा झाली. उड्या बंद पडल्या. कोकरं पाण्याच्या टाकीपाशी गर्दी करून उभी राहायची, प्यायची, आणि तिथंच मान खाली घालून पेंगायची. सूनबाईनं एकाच्या मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती तशीच उभी राहिली, खाली बसेना. अंगातलं पाणी आटलं होतं.

दोन शिट्ट्या वाजल्या.

"काय केलंस?" सासरे म्हणाले.

"काहीच नाही, बाबा. जे रोज करते तेच."

"शक्तीचे थेंब पाजलेस ना गेल्या आठवड्यात?"

"तुम्हीच सांगितलं होतं."

"मी पाज म्हणालो. कसे पाजायचे ते हातावर असतं." एवढं बोलून त्यांनी दुर्बीण पुन्हा डोळ्यांना लावली.

हातावर असतं. सूनबाईनं ते ऐकलं आणि तिला वाटलं, आलं, आपल्याही वाट्याला आलं. कारण या घरात हाताची एक जुनी गोष्ट होती. ती तिला सासूबाईंनी सांगितली नव्हती. सासूबाई त्यावर चकार शब्द काढत नसत. लग्नानंतर शेजारणींनी मिळून तिला ती ऐकवली होती, प्रत्येकीनं आपापलं तिखटमीठ लावून.

सासूबाई नव्या नवरी म्हणून आल्या तेव्हा कोकरांचं सगळं काम त्यांच्याकडे होतं. अशक्त कोकरांना बाटली, औषध, पुसापुशी, सगळं. आणि दर वर्षी कोकरं कुरणात रमली रे रमली की हगवण लागायची. सासऱ्यांनी आधी बाटल्या बदलल्या, मग दूध बदललं, मग बायकोला दर वेळी साबणानं हात धुवायला लावले. आणि एका वर्षी बरीच कोकरं गेली तेव्हा लोकर कातरायला आलेल्या सगळ्या माणसांसमोर म्हणाले, "हिच्या हाताला यशच नाही." त्या दिवसापासून सासूबाईंनी कोकरांच्या गोठ्याचा उंबरा ओलांडला नाही. कामाला गडी ठेवला. गड्याच्या काळातही कोकरं जायची, पण तेव्हा त्याला थंडी जबाबदार असायची, नाहीतर पाऊस. गड्याच्या हाताकडे कुणी पाहिलं नाही.

सासूबाई अजूनही दिवसभर अंगणातल्या नळावर हात धूत. घरातला कुठलाच साबण त्या नळावरच्या साबणाइतक्या लवकर संपत नसे. सूनबाईला आधी वाटायचं, स्वच्छतेची आवड आहे.

डॉक्टरीणबाई आल्या. चिखलाचे बूट, केसांत पेन खोचलेलं, बोलणं झटपट. नमुने घेऊन गेल्या आणि संध्याकाळी फोन केला. "सूनबाई, नमुन्यात जंताचं एकही अंडं नाही. दुसरे काही जंतू असतील. मी औषध लिहून पाठवते, ते पाजा. आणि हे बघा, एखादं दगावलं तर पुरू नका. मला कळवा, मी उघडून बघेन."

"जंत नाहीत," सूनबाईनं सासऱ्यांना सांगितलं.

"मी म्हणालो होतो का जंत आहेत?" सासरे म्हणाले. "स्वच्छ कुरण आहे माझं."

मग राहिलं काय? राहिला हात. तसं सासरे म्हणाले नाहीत, पण न म्हणण्याचीही एक तऱ्हा असते. ती औषध पाजायला निघाली की ते दुर्बीण खाली ठेवून नुसत्या डोळ्यांनी तिच्या हातांकडे बघत. हातच ते, बघितल्यावर चुकणारच. कोकराच्या तोंडातलं निम्मं औषध बाहेर सांडे.

घरात एक कोकरू मात्र ठणठणीत होतं. त्याची आई वितानाच गेली, म्हणून सूनबाईनं त्याला स्वयंपाकघरात, चुलीजवळच्या खोक्यात वाढवलं होतं. त्याचं नाव लाडोबा. लाडोबा बाटलीशिवाय जगत नसे आणि सूनबाईच्या पायात आल्याशिवाय चालत नसे. रोज सकाळ-संध्याकाळ तो तिच्या मांडीवर असायचा, तळहातावरच्या फोडासारखा जपलेला. पोट गोल, कान ताठ, आणि खोडी इतकी की सासऱ्यांच्या चपलेच्या पट्ट्याची त्यानं चघळून दोरी केली होती.

भीतीनं माणसाची बुद्धी उलटी चालायला लागते. लाडोबा बरा आहे हे रोज डोळ्यांसमोर असून सूनबाईला त्यात एवढंच दिसलं, की अजून बरा आहे. आज ना उद्या आपला हात यालाही बाधणार. ज्याला सर्वांत जास्त हात लावतो त्याचं काय होईल, या विचारानं तिला जेवण जाईना. शेवटी एका सकाळी तिनं मन घट्ट केलं, लाडोबाला उचललं, रस्ता ओलांडला आणि कुंपणाच्या फटीतून आत सोडलं. आता तो गवत खाऊ लागला होता. राहील इतरांबरोबर, निदान आपल्या हातापासून तरी लांब.

परत आली तेव्हा सासूबाई अंगणात धुणं वाळत घालत होत्या. "त्याला कशाला गं सोडलंस?"

"माझ्या हातून काही व्हायला नको, आई."

सासूबाईंच्या हातातला ओला टॉवेल हातातच राहिला. त्या काहीतरी बोलतील असं सूनबाईला वाटलं. पण त्यांनी टॉवेल दोरीवर टाकला, नळाशी गेल्या आणि हात धुवायला लागल्या.

पुढचे दिवस सूनबाईचा जीव टांगणीला लागला होता. लाडोबा कुंपणाशी येऊन तिच्या नावानं ओरडायचा आणि ती पाठ फिरवून चालती व्हायची. डॉक्टरीणबाईंच्या औषधानं फरक पडेना. आजारी कोकरं वाढतच होती, आणि कुरणातल्या प्रत्येक पांढऱ्या ठिपक्याकडे बघताना एकच प्रश्न पडायचा, बसलंय की पडलंय? नवऱ्याचा फोन आला. त्यानं "सूनबाई आहेत का?" विचारलं आणि ती रडायलाच लागली. तिकडून तो "अगं, झालं काय, अगं ऐक तरी" करत राहिला. सांगून काय उपयोग? तो कुठल्या कुठे, स्टेअरिंगवर.

पहिलं कोकरू मेलं ते पाण्याच्या टाकीशी. सासऱ्यांनी दोन शिट्ट्या वाजवल्या. "पुरून टाक. कुरणाच्या कोपऱ्यात, जिथं पुरतात तिथं." सूनबाई 'हो' म्हणाली, फावडं घेऊन गेली, आणि सासऱ्यांचा डोळा लागल्यावर कोकरू पोत्यात घालून लोकरीच्या खोलीत लपवून आली, मग डॉक्टरीणबाईंना फोन केला. सासऱ्यांशी ती पहिल्यांदाच खोटं वागली होती. फावडं आणायला परत गेली तेव्हा कुंपणाशी लाडोबा दिसला. तो ओरडला नाही. त्याचे कान लोंबत होते आणि मागचे पाय हिरवे झाले होते.

डॉक्टरीणबाई आल्या त्या गाडी अंगणात आडवीतिडवी लावूनच उतरल्या. लोकरीच्या खोलीबाहेर फळी टाकून त्यांनी कोकरू त्यावर ठेवलं. सासऱ्यांना आता सगळं दिसत होतं, दुर्बिणीची गरज नव्हती. खोटं उघडं पडलं होतं. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, हात शालीखाली.

डॉक्टरीणबाईंनी आतडं कापून थोडं पाणी ओतलं. आतून पांढरा गुंता बाहेर आला, ओला कापूस पिंजून ठेवावा तसा. तो कापूस हलत होता.

"जंत," त्या म्हणाल्या. "हजारो आहेत."

"पण तुम्ही म्हणाला होतात, नाहीत!" सूनबाईचा आवाज चिरकला.

"अंडी नाहीत म्हणाले होते. हे अजून अंडी घालण्याइतके वाढलेच नव्हते. या जातीचे हे जंत वयात यायच्या आधीच आतडं सोलून काढतात. माझ्या आधी डोक्यात यायला हवं होतं, चुकलंच माझं." त्यांनी हातमोजे काढले आणि समोर बघितलं. "गेल्या वर्षीची कोकरं कुठं चरली होती?"

"तिथंच," सूनबाईनं रस्त्यापलीकडे बोट केलं.

"आणि त्याच्या आधी?"

याचं उत्तर द्यायला सासऱ्यांना कुणाच्या परवानगीची गरज नव्हती. ते खुर्चीत ताठ झाले. "तिथंच! मी काम हातात घेतलं तेव्हापासून, दर वर्षी तिथंच. कोकरांशिवाय कुणाचं खूर पडू दिलं नाही त्या गवतावर. विचारा कुणालाही."

डॉक्टरीणबाई सासऱ्यांकडे न बघता, सूनबाईकडे बघत म्हणाल्या, "हा जंत कोकरांकडून कोकरांकडे जातो. एका वर्षीची कोकरं लेंड्यांतून अंडी टाकतात, ती थंडीभर मातीत पडून राहतात, मरत नाहीत. थंडी संपून ऊन पडलं की सगळी एकदम फुटतात आणि गवतावर चढतात. आणि नेमकी त्याच वेळी पुढची कोकरं गवत खायला शिकत असतात. मोठ्या मेंढ्यांना त्यानं फारसं काही होत नाही."

"म्हणजे कुरणात," सूनबाई म्हणाली.

"कुरणातच. आजच्या आज सगळी बाहेर काढा. गेल्या वर्षी फक्त गाई चरल्या अशी जागा आहे?"

"मागचा उतार आहे. पण ते गवत राठ आहे, तिथं कोकरं..."

"राठ चालेल."

सूनबाईच्या डोक्यात काहीतरी कडकन जुळलं आणि जुळल्याबरोबर तिला इतकं वाईट वाटलं की ती मोठ्यानंच बोलून गेली, "माझा लाडोबा. तो सगळ्यात जास्त माझ्याच हातात होता. माझ्या हातात होता तोवर ठणठणीत होता हो! मीच नेऊन सोडला त्याला तिथं. माझ्या हाताला भिऊन."

स्वयंपाकघराच्या दारात काहीतरी हललं, पण सूनबाईनं मागे वळून बघितलं नाही. बघायची तिची हिंमत झाली नाही.

मग श्वास घ्यायलाही सवड उरली नाही. सगळ्यात थोराड कोकरू टांगत्या काट्यावर चढवून वजन केलं, त्याच्या हिशोबानं जंताच्या औषधाची पिचकारी भरली, कारण डोळ्यांच्या अंदाजानं पाजलं की औषध कमी पडतं आणि जंत वाचतात. पिचकारीचं टोक जिभेच्या मागे, घशाशी. डॉक्टरीणबाई पाजत गेल्या, सूनबाई धरत गेली. जी चालती होती ती मागच्या उतारावर गेली. जी उभी राहत नव्हती ती गोठ्यात, कोरड्या गवतावर ओळीनं आडवी. डॉक्टरीणबाईंनी मीठ-साखरेच्या पाण्याचं प्रमाण सांगितलं. "थोडं थोडं, पण सारखं पाजत राहा. ओळ संपली की पुन्हा पहिल्यापासून. आजचा दिवस काढला तर बरीच वाचतील." आणि त्या दुसऱ्या बोलावण्यावर निघून गेल्या.

सूनबाई कोकरांच्या ओळीकडे बघत उभी राहिली. दोनच हात. पहिल्याला पाजून शेवटच्याशी पोचेपर्यंत पहिल्याचं तोंड पुन्हा कोरडं पडायचं. लाडोबा मधेच होता, डोळे अर्धे मिटलेले. तिनं त्याच्या तोंडात बाटलीचं निपल दिलं तर त्यानं ओढलंच नाही, पाणी गालातून बाहेर आलं. बाटलीवर वाढलेलं कोकरू बाटली विसरलं.

"आई!" तिनं हाक मारली. "आई, या ना! माझ्या एकटीनं नाही व्हायचं हे."

सासूबाई अंगण ओलांडून उंबऱ्यापर्यंत आल्या आणि थांबल्या. "मी नको गं. मी आत आले आणि आणखी एखादं गेलं तर?"

"तुम्ही नाही आलात तर जाणारच आहेत!"

सासूबाईंनी कोकरांच्या ओळीवरून नजर फिरवली. मग शालीतून हात बाहेर काढले. लाल, भेगाळलेले, बोटांच्या पेरांशी सोललेले. "बरं. थांब, हात धुऊन येते," त्या म्हणाल्या आणि नळाकडे वळल्या.

व्हरांड्यात सासऱ्यांनी शिट्टी तोंडापर्यंत नेली. डॉक्टरीणबाई गेल्यापासून त्यांनी दुर्बीण उचलली नव्हती, कुरणाकडे बघितलंही नव्हतं. आता त्यांनी शिट्टी तशीच खाली सोडली.

"अगं," ते म्हणाले.

नळ सुरू झाला होता. सासूबाईंनी साबण हातात घेतला होता.

"अगं, राहू दे. नको धुऊस." सासऱ्यांनी खाकरून पुन्हा सुरुवात केली. "तुझ्या हातात काही नव्हतं. माझ्या गवतात होतं."

सासूबाईंनी नळ बंद केला. साबण जागेवर ठेवला. त्या चालत व्हरांड्यात गेल्या, आणि सूनबाईला क्षणभर वाटलं, आता या त्यांना मिठी तरी मारतील नाहीतर थोबाडीत तरी देतील. सासूबाईंनी दोन्हीपैकी काही केलं नाही. सासऱ्यांच्या मांडीवरचं पांघरूण उचललं आणि आपले ओले हात त्याला पुसले, खसाखसा, लागतं त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ.

"एवढं सांगायला तुम्हाला डॉक्टर लागली," त्या म्हणाल्या.

सासऱ्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायला पांघरूण मोकळं नव्हतं.

सासूबाई उंबरा ओलांडून गोठ्यात आल्या. आल्या त्या सरळ लाडोबापाशी बसल्या, त्याला मांडीवर घेतलं. बाटली त्यांनी मागितलीच नाही. ओठांच्या कोपऱ्यातून करंगळी आत सरकवली, जिभेवर हळूच फिरवली, दुसऱ्या हातानं घसा वरून खाली चोळला. किती वर्षांनी! पण बोटांना सगळं आठवत होतं. लाडोबाची जीभ हलली. करंगळी चोखली गेली. मग करंगळीशेजारून त्यांनी बाटलीचं निपल आत सरकवलं, आणि सूनबाईला गिळल्याचा आवाज ऐकू आला. एकदा. मग पुन्हा.

"पितोय," सूनबाई म्हणाली. आणि तिला रडूच फुटलं.

"पिणारच," सासूबाई म्हणाल्या. "रडत काय बसलीस? याचं पिऊन होत आलंय. पुढचं आण."